पकड घट्ट तर भोक सरळ: घरच्या सुतारकामाची साधनं

खानदेशातल्या सुताराने वापरलेला सर्वांत जबरदस्त शिकंजा कुठल्याच दुकानात विकत मिळत नसे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढणारी लोखंडी धाव हाच तो शिकंजा. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, जाळात लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर होतो सुमारे चौदा फूट. लोखंड ५०० अंश सेल्सिअसने तापलं की एवढ्या लांबीत जवळपास इंचभर वाढतं. निवताना तो इंच परत आत येतो आणि पाटे, आरे, तुंबा यांचे सगळे सांधे एकदम आवळले जातात. त्यात ना सरस लागत, ना स्क्रू.

सुटीच्या दिवशी घरी स्टूल, देव्हारा किंवा पुस्तकांचं कपाट करणाऱ्याला एवढा दाब लागत नाही. पण सांधा टिकतो तो दाबामुळे, हे मात्र तसंच लागू आहे. ड्रिल मशीन आता पुष्कळ घरांत असतं. लाकूड धरून ठेवणारं साधन त्यातल्या थोड्याच घरांत सापडतं. फळी गुडघ्याखाली दाबून भोक पाडायचं आणि ते तिरकं गेलं की मशीनला नावं ठेवायची, असा प्रकार चालतो. तिरक्या भोकांपैकी निम्मी तरी फळी हलल्यामुळे तिरकी जातात, असं माझं मत आहे. म्हणून पैसे मर्यादित असतील तर ते आधी क्लॅम्पवर आणि नंतर ड्रिलच्या जोडसाधनांवर घालावेत.

कोणता क्लॅम्प कशासाठी

जी-क्लॅम्प सगळ्यांच्या ओळखीचा. पकड जबर, किंमत कमी, पण तोंड ठरावीक उघडतं आणि स्क्रू फिरवत बसावं लागतं. फळी टेबलाला घट्ट बांधायची असेल तर चार किंवा सहा इंची जी-क्लॅम्पला तोड नाही. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. स्क्रूचे आटे चौकोनी, जाड आणि स्वच्छ कापलेले हवेत. टोकाची चकती सैल फिरणारी हवी. ती अडकत असेल तर आवळताना लाकूडही स्क्रूबरोबर सरकतं. अगदी स्वस्त बिडाचा क्लॅम्प पूर्ण ताणाखाली मोडू शकतो.

घरच्या कामात सर्वांत जास्त हाताशी येतो एफ-क्लॅम्प. पट्टीवर सरकणारा जबडा क्षणात लाकडापर्यंत आणता येतो आणि शेवटचा ताणच फक्त स्क्रूने द्यायचा असतो. दुकानातच जबडा हाताने दाबून पाहावा: पट्टीवर तो तिरका होऊन पकडला पाहिजे, घसरता कामा नये. पट्टीच्या कडेला बारीक खाचा असलेले क्लॅम्प कमी घसरतात.

एका हाताने ट्रिगर दाबून आवळायचे क्लॅम्प सोयीचे खरे, पण त्यांचा दाब कमी. फळी तात्पुरती धरायला, पट्टी सरळ लावायला ते उत्तम. सरसाचा सांधा त्यांच्या भरवशावर सोडू नये. स्प्रिंगचे चिमटे त्याहून हलके. रुंद फळ्या जोडून टेबलाचा वरचा भाग करायचा असेल तर मात्र लांब टी-बार किंवा पाईप क्लॅम्पच लागतो.

पाईप क्लॅम्पची गंमत अशी की दुकानातून फक्त दोन तोंडं घ्यायची आणि मधला जीआय पाईप हवा तेवढा लांब लावायचा. नळाच्या सामानाच्या दुकानात पाऊण इंची पाईप कापून आणि एका टोकाला आटे पाडून मिळतो. अर्धा इंची पाईप लांब सांध्यात कमानीसारखा वाकतो, म्हणून पाऊण इंचीच बरा. तोंडं बाहेरच्या बनावटीची असतील तर पाईपचा तुकडा बरोबर नेऊन आटे बसवून पाहावेत. अमेरिकी आणि आपल्याकडच्या आट्यांची संख्या या मापात एकच, इंचाला १४, पण आट्यांचा कोन वेगळा असतो. कधी बसतात, कधी अर्ध्यावर अडतात.

किती आणि केवढे

मापाचा हिशेब सोपा. ज्या वस्तूला आवळायचं तिच्या रुंदीत दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांची जाडी आणि हाताला थोडी मोकळीक मिळवायची. दोन फुटी कपाटाला अडीच फुटी क्लॅम्प हवा. सुरुवातीला दोन सहा इंची जी-क्लॅम्प, चार एक फुटी एफ-क्लॅम्प आणि दोन अडीच फुटी एफ-क्लॅम्प पुरतात. संख्या जोडीने घ्यावी. एकट्या लांब क्लॅम्पने चौकट आवळली की ती काटकोनातून हटते. आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. एक कर्ण लांब भरला तर क्लॅम्प त्या कर्णाच्या दिशेने किंचित तिरके करून पुन्हा आवळावं.

पाईपच्या रिंगा, ट्यूबच्या पट्ट्या, पाचरी

जैन इरिगेशनमुळे पीव्हीसी पाईप आणि ठिबक हा जळगावचा ओळखीचा माल. शेतात, गोठ्यात, गच्चीवर उरलेले तुकडे पडलेले असतात. चार इंची जाड पाईपच्या इंचभर रुंदीच्या रिंगा करवतीने कापाव्यात आणि प्रत्येक रिंगेला एका जागी उभी चीर द्यावी. झाले चिमटे. प्लायच्या कडेला सागाची पट्टी चिकटवताना दर दोन-तीन इंचांवर अशी एक रिंग लावली की सरळ, सारखा दाब मिळतो. पातळ ड्रेनेज पाईपच्या रिंगा लेच्यापेच्या निघतात. पाण्याच्या दाबाला टिकणारा जाड पाईप घ्यावा. या रिंगा उन्हात ठेवू नयेत, तापलेल्या पीव्हीसीचा ताण सैल पडतो.

वाकड्या वस्तूला, म्हणजे गोल स्टुलाच्या पायांना किंवा खुर्चीच्या पाठीला, कुठलाही सरळ क्लॅम्प नीट बसत नाही. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळावी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर दाब टाकत जातो. किंवा सुती दोरीचे दोन वेढे घालून मध्ये दांडकं खुपसावं आणि पिळावं. मालट्रकवर लावतात तो रॅचेटचा पट्टा महामार्गाकडेच्या टपरीतही मिळून जातो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग एकत्र येतात, त्यामुळे असा पट्टा शोधायला फार हिंडावं लागत नाही.

फळ्या जोडायला लांब क्लॅम्प नसतील तर पाचर आहेच. एका जाड पाटावर, जोडायच्या फळ्यांच्या रुंदीपेक्षा दीड-दोन इंच अंतर जास्त ठेवून, दोन ठोकळे स्क्रूने बसवावेत. फळ्या मध्ये ठेवून उरलेल्या फटीत दोन पाचरी एकमेकींच्या उलट दिशेने सारून हातोडीने आळीपाळीने ठोकाव्यात. दोन्ही पाचरींच्या बाहेरच्या कडा समांतर राहतात, त्यामुळे दाब सरळ पडतो. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून आडव्या पट्ट्या लावून त्या जी-क्लॅम्पने धरायच्या, आणि पाटाला सरस लागू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा.

कुसूच्या सांध्याला तर क्लॅम्पशिवायही ओढून घेता येतं. खाचेच्या बाजूने आरपार भोक पाडायचं. कुसूवरचं भोक मात्र अर्धा सूत, म्हणजे दीड मिलिमीटर, खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. टोकाला निमुळती केलेली बाभळीची मेख ठोकली की दोन्ही भोकं एका रेषेत यायला बघतात आणि सांधा आपोआप मिटतो. मेख पूर्ण वाळलेल्या लाकडाचीच हवी.

मे महिन्यातला फेविकॉल

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पांढरा सरस वाळतो तो त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत गेल्यामुळे. कोरड्या, तापलेल्या हवेत त्याच्यावर काही मिनिटांतच साय धरते आणि मग कितीही आवळलं तरी सांधा धरत नाही. या दिवसांत सरसाचं काम पहाटे किंवा रात्री उशिरा करावं. त्याआधी सरस न लावता सगळा सांधा एकदा कोरडाच आवळून पाहावा. कोणता क्लॅम्प कुठे बसतो, ठोकळे कुठे लागतात, कुठला स्क्रू आधी फिरवायचा, हे ठरलेलं असेल तर खऱ्या वेळी धावपळ होत नाही.

दाब किती द्यायचा? सांध्याच्या रेषेवर सरसाचे बारीक मणी सारख्या अंतरावर उमटले की थांबावं. सरस ओघळू लागला तर तो जास्त लावलाय. मणीच आले नाहीत तर एक तर सरस कमी पडलाय किंवा फटी आहेत. फटी क्लॅम्पच्या जोरावर मिटवायच्या नसतात, रंधा मारून मिटवायच्या असतात.

सागाचं आणखी एक आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे रंधा मारून दोन-तीन दिवस ठेवलेल्या सागाला सरस नीट धरत नाही. चिकटवायच्या दिवशीच ताजा रंधा मारावा किंवा कड थिनरने पुसून घ्यावी. बाभळीत टॅनिन भरपूर. ओल्या सरसात लोखंडी क्लॅम्प टेकला की तिथे काळा डाग पडतो आणि तो खोलवर जातो, म्हणून मध्ये जाड कागद किंवा प्लास्टिक घालावं.

पावसाळ्यात उलट. सरस हळू वाळतो, म्हणून क्लॅम्प रात्रभर ठेवावेत आणि स्क्रूला मेण किंवा तेलाचा हात मारावा. मेमध्ये एकमेकींना चिकटून बसलेल्या दाराच्या फळ्या जुलैत फुगतात, तेव्हा त्यांच्यात मोकळीक ठेवायची हे कुठल्याही क्लॅम्पच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं.

सरळ भोक पाडायला

ड्रिल स्टँड किंवा खांबावर सरकणारं ड्रिल प्रेस घेण्याआधी साध्या युक्त्या करून पाहाव्यात. फळीवर बिटाच्या शेजारी गुण्या उभा ठेवून एका बाजूने आणि मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने नजर टाकायची. दुसरी युक्ती आरशाची. टाकाऊ सीडीच्या मधल्या छिद्रातून बिट लाकडाला टेकवायचं. बिट आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं की मशीन ताठ आहे. प्रतिबिंब मोडलेलं दिसलं तर तेवढं झुकवायचं.

याहून पक्कं हवं असेल तर मार्गदर्शक ठोकळा करून घ्यावा. बाभळीचा दोन इंची चौरस ठोकळा एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे न्यायचा आणि त्याच्या ड्रिल प्रेसवर ६, ८, १० मिलिमीटरची तीन भोकं काटकोनात पाडून घ्यायची. हा ठोकळा क्लॅम्पने फळीवर बांधून त्यातून बिट घालायचं. लाकडी भोक वापराने रुंदावतं, तेव्हा जमलं तर पोलादी बुश बसवून घ्यावेत. विकतच्या ड्रिल गाइडमध्येही मुळात एवढंच असतं.

ड्रिल स्टँड घ्यायचाच असेल तर खांब हाताने हलवून पाहावा. ज्यात मशीन धरणारा भाग खाली-वर करताना डुलतो तो स्टँड गाइड ठोकळ्यापेक्षा वाईट. मशीनच्या मानेचा घेर स्टँडच्या कड्यात बसतो का, हेही मशीन नेऊनच तपासावं. भोक पाडताना फळीखाली टाकाऊ तुकडा घट्ट बांधावा, म्हणजे खालच्या बाजूची सालपटं उडत नाहीत. हॅमरचं बटण बंद. हातमोजे काढलेले.

बिटाची निवड

लाकडासाठी मध्ये अणकुचीदार टोक असलेलं बिट घ्यावं; ते खुणेवरून सरकत नाही. लोखंडाचं साधं बिट वापरायचं असेल तर आधी टोच्याने खड्डा करावा. भिंतीचं बिट लाकडात घालू नये, ते कापत नाही, घासतं. आठ नंबरच्या स्क्रूला साग, शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडात ३ मिलिमीटरचं आधीचं भोक लागतं, मऊ लाकडात अडीचचं. बाभळीत हे भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी चिरते किंवा स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. खोली ठरवायला बिटावर रंगीत टेप गुंडाळला तरी पुरे.

जिग: कुठला विकत, कुठला घरी

डॉवेल जिग विकतचाच घ्यावा, कारण दोन फळ्यांतली भोकं समोरासमोर येणं हे तिथे सारं काही असतं. डॉवेलची जाडी फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असावी. १८ मिलिमीटरच्या प्लायला ६ किंवा ८ मिलिमीटरची डॉवेल.

पॉकेट होल जिग हा १५ अंशांच्या तिरक्या भोकाचा मार्ग दाखवतो. प्लायचं कपाट त्याने झटपट उभं राहतं, सरस वाळायची वाट पाहावी लागत नाही. त्यातही स्क्रू आवळताना दोन्ही तुकडे क्लॅम्पने धरलेले नसतील तर वरचा तुकडा घसरतो आणि सांध्यात पायरी राहते. कठीण लाकडाला बारीक आट्यांचा स्क्रू, प्लायला आणि मऊ लाकडाला जाड आट्यांचा. दिसणाऱ्या सागाच्या वस्तूत मी तो वापरणार नाही.

काटकोनी कोपरा धरायचा जिग मात्र घरीच करावा. १८ मिलिमीटर प्लायचा एक काटकोन त्रिकोण, त्यात क्लॅम्पचा जबडा आत घालण्याएवढी दोन भोकं आणि कोपऱ्यात सरस ओघळायला छाटलेलं टोक, एवढंच लागतं. असे चार केले की कपाटाची चौकट एकट्याने उभी करता येते.

ऑटो बिजागरीचा खड्डा

आजकालच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना लागणाऱ्या ऑटो बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची असते आणि खड्डा सुमारे १२ ते १३ मिलिमीटर खोल लागतो. १८ मिलिमीटरच्या दारात मागे जेमतेम पाच मिलिमीटर उरतं. खड्ड्याची कड दाराच्या कडेपासून साधारण ३ ते ६ मिलिमीटर आत असते, म्हणजे मध्यबिंदू साडेवीस ते साडेतेवीस मिलिमीटरवर येतो. नेमका आकडा बिजागरीच्या खोक्यावर पाहावा. इथे फॉर्स्टनर बिट हवं, गती कमी हवी आणि दार टेबलाला दोन ठिकाणी आवळलेलं हवं, कारण एवढं रुंद बिट अडकलं तर मनगटाला हिसका बसतो. बिटाचं मधलं टोक दोन-तीन मिलिमीटर पुढे असतं, ते सनमायकापर्यंत पोचून पलीकडे फुगवटा आणू शकतं. म्हणून आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर एक खड्डा पाडावा, वाटी बसवून पाहावी, तुकडा उलटा करून पाठीवरून बोट फिरवावं आणि मगच बिटावरचा खोलीचा टेप पक्का करावा.