कचऱ्याच्या जाळीपाशी कळणारा जपान

पुण्याहून आठवडाभर जपानला जाऊन आलेला माणूस लखलखीत रस्ते, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या आणि चेरीचा बहर यांचे वर्णन करतो. तिथे संसार थाटलेला मराठी माणूस आधी कचऱ्याविषयी सांगतो. मला त्याचे सांगणे जास्त मोलाचे वाटते.

जळणारा कचरा कोणत्या वारी द्यायचा, न जळणारा कधी, बाटल्या-डबे-कागद कधी, हे पालिका छापून देते. त्या दिवशी सकाळी ठरल्या वेळेच्या आत पिशवी ठरल्या जागी न्यायची आणि कावळ्यांनी विस्कटू नये म्हणून वर जाळी ओढायची. जुना सोफा काढायचा तर आधी दिवस ठरवून घ्यायचा, शुल्काचे स्टिकर विकत आणून त्यावर चिकटवायचे. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही. चिठ्ठी लावलेली ती पिशवी मग शेजाऱ्यांच्या नजरेसमोर तशीच पडून राहते. अनेक वस्त्यांत ती जागा झाडून काढायची पाळी घरोघर फिरते आणि परदेशी कुटुंबालाही चुकत नाही.

या सगळ्याच्या मागे बऱ्याच ठिकाणी ‘चोनाइकाइ’ असते, म्हणजे वस्तीतल्या रहिवाशांचे मंडळ. सूचनांची फाइल घरोघर फिरवणे, उन्हाळी उत्सव भरवणे, भूकंपाची रंगीत तालीम घेणे ही त्याची कामे. 1923 च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून 1 सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन पाळतात. शाळेत मुले वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. ‘जपानी माणूस मुळातच शिस्तीचा’ असे आपण सहज म्हणून जातो. ते मला पटत नाही. ही शिस्त लहानपणापासून हाताला लावलेली सवय आहे, आणि ती टिकवायला माणसे वेळ देतात. आता वस्तीची ही मंडळे म्हातारी होत चालली आहेत, सभासदही घटत आहेत.

परदेशी माणसाला हे जग सहज आपलेसे करत नाही. भाड्याचे घर शोधताना अनेकदा जामीनदार मागतात, परत न मिळणारी रक्कम घरमालकाला द्यावी लागते, कधी परदेशी म्हणून सरळ नकार येतो. तोक्योच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाइत भारतीयांची वस्ती वाढण्याचे एक कारण हेच. तिथल्या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदाराची आणि त्या रकमेची अट नाही. शिवाय मेट्रोने कार्यालये जवळ. संगणकांतल्या 2000 सालच्या तारखेच्या अडचणीच्या सुमारास आलेल्या अभियंत्यांनी तिथे घरे केली. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक याच एदोगावात राहिले, 2012 मध्ये जपानचे नागरिक झाले आणि 2019 मध्ये तिथल्या स्थानिक सभागृहात निवडून आले. पुढे 2023 मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. परक्याला जागा मिळते ती वस्तीची कामे अंगावर घेतल्यावर, असे मला त्यांच्या वाटचालीत दिसते.

काम अंगावर घेण्याचा हा धडा पुण्याने जपानकडून एकदा घेतलेला आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या कितीतरी आधी, तोक्योत 1901 मध्ये जिन्झो नारुसे यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती आली. 1915 च्या डिसेंबरात सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि 1916 मध्ये इथे महिला विद्यापीठ सुरू केले. कर्व्यांनी जपानचे कौतुक करून विषय सोडला नाही, संस्था उभी केली.

आज पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई आपल्या दारापर्यंत येतात. त्यांच्या हाती ओला-सुका वेगळा करून देणे आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीला जाऊन बसणे, एवढे आपण करायला हवे. पुढच्या बैठकीला शेजाऱ्यालाही घेऊन जा.