एक प्रत की हजार प्रती?

दिवाळी अंकाची छपाई ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. घरच्या संगणकावर नीट दिसणारा लेख छापखान्यातल्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’तल्या आडव्या ‘र’च्या जागी डोक्यावरचा रफार येऊन बसतो, कुठे नुसत्या चौकटी दिसतात. त्या फाईलमध्ये टंक नसतो, टंकाचे फक्त नाव असते. समोरच्या यंत्रावर त्या नावाचा टंक नसेल किंवा वेगळ्या आवृत्तीचा असेल तर घोळ झालाच. म्हणून आपण शेवटी पीडीएफ पाठवतो. तिच्यात लागणारी अक्षररूपे आतच भरलेली असतात. पण पीडीएफ गेल्यावर चूक सापडली तर नवी फाईल करून पाठवावी लागते, आणि जुनी कुणी छापायला घेतली नाही ना, हे फोन करून विचारावे लागते.

सॉफ्टवेअर बांधून लोकांपर्यंत पोचवणाऱ्यापुढे रोज हाच पेच असतो. कोणतीही आज्ञावली एकटी नसते. फाईल आक्रसणे, गुप्तसंदेश उलगडणे, अक्षरे जुळवणे अशी कामे ती इतरांनी लिहून ठेवलेल्या संचांकडून करून घेते. या संचांना लायब्ररी म्हणतात. तिचा मजकूर आपल्या आज्ञावलीत उतरवून घेतला तर ती स्टॅटिक जोडणी. नुसते नाव लिहून ठेवले आणि आज्ञावली चालू होताना यंत्रावरची सामायिक प्रत उघडली तर ती शेअर्ड.

‘लायब्ररी’ हा शब्द इथे रूपक म्हणून आलेला नाही. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांचा एडसॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा वारंवार लागणाऱ्या गणितांच्या आज्ञा कागदी फितींवर भोके पाडून कपाटात लावून ठेवल्या जात. वर्गमूळ काढायचे असेल तर कपाटातली ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. ही व्यवस्था घडवण्यात डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाचा मोठा वाटा होता. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले, तोवर संग्रहात ८७ फिती झाल्या होत्या. आजच्या भाषेत ही निव्वळ स्टॅटिक जोडणी. कपाटातल्या फितीत पुढे चूक सापडली तर आधी उतरवून नेलेल्या नकला तशाच राहणार, हा दोषही तेव्हापासूनचा.

सामायिक प्रतीची कल्पना साठच्या दशकात मल्टिक्स प्रणालीत आली, आणि युनिक्सच्या जगात ती रुळली ती १९८८च्या सनओएस ४.० पासून. तेव्हाचे कारण साधे होते. स्मृती महाग होती. दहा आज्ञावल्या तीच लायब्ररी वापरत असतील तर दहा प्रती कशाला ठेवायच्या? आजही लिनक्सवर एक ओळ छापणारी आज्ञावली शेअर्ड पद्धतीने जोडली तर साधारण १६ किलोबाइटची होते, आणि ग्नू सी लायब्ररी पोटात घेतली तर कित्येकशे किलोबाइटची. पण जागेचा मुद्दा आता फारसा उरलेला नाही. मोबाईलवर आलेल्या शुभेच्छांच्या एका चित्रफितीत अशा कितीतरी लायब्रऱ्या मावतील. खरा वाद दुरुस्तीचा आहे.

तो जगाला नीट कळला मार्च २००२ मध्ये. झेडलिब ही माहिती आक्रसण्याची छोटी लायब्ररी, जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची. ती इतकी चांगली आणि इतकी मोकळी होती की जो तो ती घेऊन गेला. तिच्या १.१.३ या आवृत्तीत स्मृतीचा एकच तुकडा दोनदा परत करण्याची चूक निघाली, आणि मुद्दाम बिघडवलेली फाईल उघडायला लावून तिचा गैरफायदा घेता येण्याची भीती निर्माण झाली. जिथे झेडलिब सामायिक होती तिथे काम सोपे होते. एक फाईल बदला, चालू असलेल्या सेवा बंद करून पुन्हा सुरू करा. पण असंख्य आज्ञावल्यांनी ती पोटात उतरवून घेतली होती. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातही तिची स्वतंत्र प्रत होती. दुरुस्तीआधी नकला कुठे कुठे आहेत तेच शोधणे भाग पडले.

या शोधात उपयोगी पडली ती एक गंमतीची गोष्ट. झेडलिबच्या कर्त्यांनी मूळ संहितेत स्वतःचे नाव, साल आणि आवृत्ती सांगणारी एक ओळ घातली होती, आणि तळटीप लिहिली होती की आपल्या पुस्तिकेत आमचा उल्लेख करता येत नसेल तर निदान ही ओळ तरी काढू नका. यंत्रभाषेत रूपांतर झाल्यावरही ती ओळ जशीच्या तशी राहते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना पोथीच्या शेवटची पुष्पिका आठवेल. लेखनिक आपले नाव आणि शक लिहून ठेवतो आणि शतकांनंतर प्रतींची वंशावळ त्यावरून लावता येते. इथेही एवढ्या एका ओळीवरून आज्ञावलीच्या पोटातली झेडलिब आणि तिची आवृत्ती ओळखता येत होती.

डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचा कटाक्ष या प्रसंगामागच्याच विचारातून समजतो. शक्यतो कुठल्याही पॅकेजने दुसऱ्याच्या लायब्ररीची खाजगी प्रत बाळगू नये, असे त्यांचे धोरण सांगते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला तेव्हा या शिस्तीचा उपयोग दिसला. सामायिक प्रत बदलली की तिच्यावर विसंबलेले सगळे एकदम सावरत होते.

मग सगळेच सामायिक का ठेवू नये? कारण सामायिक प्रत बदलली की सगळ्यांचीच बदलते, आणि प्रत्येकाला तो बदल मानवतोच असे नाही. २०१० साली फेडोरा १४ वापरणाऱ्यांना फ्लॅशमधून येणारा आवाज चिरकलेला ऐकू येऊ लागला. फ्लॅश बदलले नव्हते. ग्नू सी लायब्ररीतली स्मृतीतला मजकूर इकडून तिकडे नेणारी एक आज्ञा अधिक वेगवान केली गेली होती. काही प्रोसेसरांवर ती आता शेवटाकडून सुरुवातीकडे नक्कल करी. नियम असा की उगम आणि मुक्काम यांची जागा एकमेकींवर चढलेली नसावी. फ्लॅश तो नियम मोडत होते, पण जुन्या पद्धतीत ते खपून जात होते. चूक फ्लॅशची, असे लायब्ररीचे सांभाळकर्ते म्हणाले. चूक कुणाची याच्याशी वापरणाऱ्याला देणेघेणे नाही, काल चालत होते ते आज बिघडले एवढेच त्याला दिसते, अशी लिनस टोरवाल्ड्स यांची बाजू. माझे मत टोरवाल्ड्सकडे झुकते. पुढे २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. जुन्या जोडणीच्या आज्ञावल्यांना जुने वर्तन, नव्यांना नवे, दोन्ही एकाच लायब्ररीत. सामायिक प्रत सांभाळणे म्हणजे केवढे ओझे, हे यातून कळते. आपल्या कोणत्या सवयीवर कोण विसंबून आहे, हे लायब्ररी लिहिणाऱ्याला कधीच पुरते ठाऊक नसते.

मराठी वाचकाचा या प्रकरणाशी थेट संबंध येतो तो हार्फबझमुळे. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. ओपनटाईप या टंकपद्धतीच्या नावाचे हे खेळकर भाषांतर. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एकापाठोपाठ आले की ‘क्ष’ दाखवायचा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सरकवायची, रफार कुठे आणि आडवा ‘र’ कुठे हे ठरवायचे, ही कामे फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रऑफिसमध्ये हीच लायब्ररी करते. तिचा पूर्वेतिहासही नकलांचाच आहे. फ्रीटाईप प्रकल्पातला मूळ मजकूर पँगो आणि क्यूटी यांनी आपापल्याकडे उतरवून घेतला, दोन्ही प्रती वेगवेगळ्या वाढल्या, आणि पुढे त्या पुन्हा एकत्र आणून हार्फबझ उभी राहिली. ब्राउझर आजही तिची स्वतःची प्रत सोबत बाळगतात. त्यामुळे एकाच संगणकावर एकच मराठी शब्द, एकाच टंकात, दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसू शकतो, आणि दोष टंकाच्या माथी मारला जातो.

मी स्वतः एक छोटा शब्दार्थ-शोधक बांधला तेव्हा आधी हार्फबझ पोटात घातली होती. पेनड्राइव्हवरून कुठेही न्यावी, चालावी, एवढाच हेतू. ते काम उत्तम झाले. काही महिन्यांनी जोडाक्षरांची एक चूक वरच्या आवृत्तीत दुरुस्त झाली, आणि मी दिलेल्या सगळ्या प्रतींत ती तशीच राहिली.

तेव्हापासून मी निवड करताना एकच प्रश्न आधी विचारतो. उद्या यात खोट निघाली तर दुरुस्ती कोण पोचवणार? पॅकेज एखाद्या वितरणात जाणार असेल आणि तिथे सुरक्षा पाहणारी माणसे असतील तर शेअर्ड, विशेषतः गुप्तसंदेश, चित्रे किंवा बाहेरून आलेल्या फाईली हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांबाबत. इंटरनेट नसलेल्या, कोणती प्रणाली आहे हे ठाऊक नसलेल्या यंत्रावर एकच फाईल जाणार असेल तर स्टॅटिक. पण मग आतल्या प्रत्येक लायब्ररीच्या बातम्या वाचणे आणि पुन्हा बांधणी करणे ही आपली जबाबदारी. गो आणि रस्ट या नव्या भाषांनी आपल्या लायब्रऱ्यांपुरता स्टॅटिकचाच रस्ता धरला आहे. गोने बांधलेल्या फाईलमध्ये आत कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे ही यादीच नोंदवलेली असते. पुष्पिका आता वैयक्तिक विनंतीवर अवलंबून राहिलेली नाही.

दोन खाचखळगे मात्र सांगितले पाहिजेत. ग्नू सी लायब्ररी पोटात घेतली तरी काम संपत नाही. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्यासारख्या गोष्टींसाठी ती चालताना पुन्हा यंत्रावरच्या, त्याच आवृत्तीच्या सामायिक फाईलींकडेच धाव घेते. म्हणून पूर्ण स्टॅटिक हवे असेल तर मस्ल ही छोटी सी लायब्ररी लोक निवडतात. दुसरा खळगा परवान्याचा. लेसर जनरल पब्लिक लायसन्सखालची लायब्ररी स्टॅटिक जोडली तर वापरणाऱ्याला ती बदलून पुन्हा जोडता येईल अशी सामग्री देणे बंधनकारक असते. शेअर्डमध्ये ही अट आपोआप भागते.

माझ्या शब्दार्थ-शोधकात आता सी लायब्ररी आणि हार्फबझ यंत्रावरच्या, आणि कोशाच्या अनुक्रमणिकेसाठीची फारशी कुठे न आढळणारी लायब्ररी पोटात. जुने पेनड्राइव्ह कुणाकुणाला दिले त्याची यादी वहीत आहे. ती अजून पुरी खोडून झालेली नाही.