बंदुकीच्या दस्त्याला तेल कसं चढवायचं?

पैठण रोडवरच्या एका काकांकडे वडिलोपार्जित, परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. अक्रोडाचा दस्ता पार कोरडा पडलेला. "वार्निश मारू का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, काका, अजिबात नको!

वार्निश वरच बसतं, ओरखडा पडला की पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. .३०३ रायफलींचे दस्ते याच तेलावर टिकले.

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. लोखंडी भाग परवानाधारक कारागिराकडूनच उतरवून घ्या. बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. मग बॉइल्ड जवस तेलाचे मोजके थेंब तळहाताने, लाकूड कोमट लागेपर्यंत चोळा. उरलेलं पुसा, नाहीतर चिकटपणा राहतो.

तेलाचा हात देण्याचा जुना ठोकताळा: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला एकदा, वर्षभर महिन्याला एकदा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तेल लवकर सुकतं. पावसाळ्यात दोन हातांमध्ये जास्त वेळ द्या.

सगळ्यात महत्त्वाचं! तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेल सुकताना उष्णता निघते, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवा आणि घराबाहेर पसरून वाळवा.