चाचणीचा परिसर

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे आपले केंद्र उघडले. तेव्हापासून या शहरात लिहिलेल्या पुष्कळशा आज्ञावली दूरदेशीच्या संगणकांवर चालत आल्या आहेत. लिहिणाऱ्याच्या यंत्राचा परिसर वेगळा आणि चालविणाऱ्याच्या यंत्राचा वेगळा, हा अशा कामातील नित्याचा उपद्रव होय.

परिसर म्हणजे काय? १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांची शेल आली. माणसाच्या आज्ञा वाचून त्या संगणकाकडून करवून घेणारी ही आज्ञावली. दुसरी एखादी आज्ञावली सुरू करताना शेल तिच्याबरोबर नावे आणि त्यांची मूल्ये यांची शिदोरी बांधून देते. या जोड्यांना परिसर-चल म्हणतात. 'एक्सपोर्ट' केलेले चलच शिदोरीत जातात, आणि तेही नकलेच्या रूपात. पुढे आज्ञावलीने त्यांत बदल केला तरी शेलकडील मूळ मूल्य तसेच राहते. नवशिके येथे हमखास फसतात.

'टीझेड' हा प्रमाणवेळ सांगणारा चल घेऊ. समजा, पावतीचे आर्थिक वर्ष ठरविणारी एक आज्ञावली आहे. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता बंगळूरमध्ये नवे वर्ष लागलेले असते. पण जागतिक वेळेवर लावलेल्या यंत्रात तेव्हा ३१ मार्चच्या रात्रीचे साडेनऊच वाजलेले असतात. पावती गतवर्षात जमा होते. पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत मात्र दोन्हीकडची तारीख एकच असते. त्यामुळे दिवसा, चालू घड्याळावर घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही.

म्हणून चाचणीच्या स्क्रिप्टच्या आरंभीच 'टीझेड=एशिया/कोलकाता' असे मांडून तो चल एक्सपोर्ट करावा, वेळही ठरावीक द्यावी, आणि तीच चाचणी जागतिक वेळेवर पुन्हा चालवून पाहावी. (जुन्या पद्धतीत हेच 'आयएसटी-५:३०' असे लिहीत, पूर्वेला ऋण चिन्ह देण्याचा हा संकेत आजही अनेकांना चकवितो.)

आरंभीच 'सेट -यू' ही आज्ञाही असावी. मग न मांडलेल्या चलाचे नाव येताच स्क्रिप्ट थांबते. एरवी शेल त्या जागी रिक्त मूल्य घालते, आणि 'तात्पुरत्या कप्प्यातील सर्व पुसा' या आज्ञेतून कप्प्याचे नाव गळून 'सर्व पुसा' एवढेच उरते.