अनशापोटीच्या समजुती

डोंबिवलीला माझी मावसबहीण राहते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे चार दिवस मुक्कामाला होते. पहाटे साडेचारला गजर झाला आणि ती उठली. ओट्यावर तांब्याचा गडू रात्रीच भरून ठेवलेला होता. त्यातलं पाणी तिने कोमट केलं, पुन्हा गडूत ओतलं, त्यातच अर्धं लिंबू पिळलं, चमचाभर मध ढवळला आणि अनशापोटी पिऊन टाकलं. मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. "दीड महिना झाला हे सगळं करतेय, ताई," ती म्हणाली, "पण ऑफिसात अकरा वाजले की डोळे ओढायला लागतात. माझंच काहीतरी चुकत असेल."

आदल्या रात्री मी तिला पाहिलं होतं. ओटा आवरून, मुलाचा गृहपाठ तपासून, सकाळच्या डब्याची गवार मोडून ती आडवी झाली तेव्हा बारा वाजायला आले होते. म्हणजे झोप साडेचार तासांची. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असं निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. रोजची ही अडीच तासांची तूट गडूतलं पाणी भरून काढत नाही. सकाळच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं, त्यात खरी गोष्ट कुठली आणि नुसती समजूत कुठली, हे मला तेव्हापासून नीट तपासावंसं वाटलं.

"ब्राह्ममुहूर्तावर उठलं की दिवसभर ताजंतवानं वाटतं"

मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी, ब्राह्ममुहूर्त सुरू होतो. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यात सव्वासातला. त्यामुळे ही वेळ उन्हाळ्यात साडेचारच्या आत येते आणि थंडीत पावणेसहाच्या जवळ जाते. बाराही महिने साडेचारचा गजर लावण्याला त्यात आधार नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात हा सल्ला आहे, पण तो स्वस्थ माणसासाठी आहे. शिवाय तो लिहिला गेला तेव्हा दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत घरं निजत असत. साडेनऊला झोपणारा साडेचारला उठला तर त्याची सात तास झोप झालेली असते. बाराला झोपणाऱ्याने तेच केलं तर तो पहाटेची झोप गमावतो, आणि स्वप्नांची झोप रात्रीच्या या शेवटच्या भागातच सर्वांत जास्त असते. शाळेच्या भिंतीवरच्या सुवचनातही लवकर निजणं आधी येतं, लवकर उठणं नंतर.

दुसरी गोष्ट, सगळ्यांच्या शरीरातलं घड्याळ एकाच वेळेवर चालत नाही. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, ते फळमाशीवर प्रयोग करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुणी पहाटेचा असतो, कुणी रात्रीचा, आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ तर आपसूक पुढे सरकतं. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला सकाळी जाग येत नसेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी तो झोपला किती वाजता ते विचारावं. लहान मुलांच्या झोपेचा विचार आपल्या राज्यात सरकारी पातळीवरही झाला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत निघाला. मला तो योग्य वाटतो.

"कोमट पाणी, लिंबू आणि मध घेतला की चरबी वितळते"

वितळत नाही. लिंबू, मध किंवा कोमट पाणी, यांपैकी कशातही साठलेली चरबी काढून टाकण्याचा गुण नाही. चहाच्या चमचाभर मधात वीसेक कॅलरी असतात आणि त्या साखरेच्याच असतात. सकाळच्या साखरेच्या चहाऐवजी आणि चार बिस्किटांऐवजी कुणी हे पाणी घेत असेल, तर वजन थोडं उतरू शकतं. पण ते बिस्किटं सुटल्यामुळे उतरतं. आयुर्वेदाचा दाखला देऊन हा काढा पिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की मध तापवू नये, असं चरकसंहितेतच बजावलेलं आहे. लिंबाच्या आम्लाने दातांवरचं कवच तात्पुरतं मऊ पडतं, म्हणून लिंबूपाणी घेतल्यावर अर्धा तास तरी दात घासू नयेत.

बहिणीच्या गडूत मला खटकलं ते मात्र वेगळंच. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी रात्रभर ठेवलं तर त्यातले काही रोगजंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्याच भांड्यात आंबट काही घातलं की तांबं पाण्यात उतरायला लागतं. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी किंवा ताक कळकतं, म्हणूनच दारावर कल्हईवाल्याची हाक आली की घरातली भांडी बाहेर निघत. चिंचेने घासल्यावर गडू लखलखतो तोही याच कारणाने, आम्ल त्याच्यावरचा थर विरघळवतं. पिण्याच्या लिटरभर पाण्यात दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ती ओलांडली तर मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. लिंबू पिळायचंच असेल तर काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात पिळा.

उठल्याबरोबर दीड-दोन लिटर पाणी ढोसण्याचीही प्रथा आहे. शरीरातली घाण काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, त्यासाठी अशा पुराची गरज नसते. तहान असेल तेवढं, एक-दोन पेले, पुरे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप सोडूच नये.

"कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं"

ही समजूत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एक खरी गोष्ट चुकीच्या नावाखाली दडली आहे. ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्याच्या अतिनील ब किरणांची गरज असते. सकाळी सूर्य खाली असतो, किरणांना हवेच्या जाड थरातून तिरकं यावं लागतं आणि अतिनील ब वाटेतच शोषले जातात. खूण सोपी आहे: अंगणात उभे राहा, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन या कामाचं. म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या मधलं. बंद काचेच्या खिडकीत कितीही बसलं तरी उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते.

मग सकाळचं ऊन वाया जातं का? मुळीच नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्या मेंदूला फक्त "उजाडलं" एवढा निरोप देतात. तो निरोप पोचला की झोपेचं मेलाटोनिन ओसरतं, शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्रीची झोपही वेळेवर येते. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स भरतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतात आणि स्वच्छ उन्हात लाखापर्यंत. म्हणून उठल्यावर तासाभरात पंधरा-वीस मिनिटं गच्चीत, गॅलरीत किंवा रस्त्यावर काढावीत, सूर्याकडे थेट न पाहता. सकाळच्या तरतरीसाठी याहून स्वस्त काही मला माहीत नाही.

"अनशापोटी चहा म्हणजे विष"

विष वगैरे काही नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी आधी काहीतरी खावं, एवढंच. खरी अडचण पोह्यांबरोबरच्या चहाची आहे. वर लिंबू पिळलेले पोहे ही उत्तम सोय आहे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं. लगोलग कपभर चहा प्यायला की त्यातली द्रव्यं हेच लोह अडवून धरतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्यामुळे नाश्ता आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवणं बायकांसाठी फार मोलाचं आहे.

नाश्ता हा दिवसातला सर्वांत महत्त्वाचा आहार, हे वाक्य १९१७ साली अमेरिकेतल्या 'गुड हेल्थ' मासिकात छापून आलं होतं. मासिकाचे संपादक होते जॉन हार्वे केलॉग, ज्यांच्या आडनावाने आजही कॉर्नफ्लेक्स विकले जातात. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेरा चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात नाश्ता केल्याने वजन उतरतं याला पुरावा मिळाला नाही. भूक लागत असेल तर खावं, नसेल तर जेवणापर्यंत थांबावं. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नाश्ता परस्पर बंद करू नये.

व्यायामाचंही तसंच. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली म्हणजे झालं, ती सकाळची की संध्याकाळची याने फारसा फरक पडत नाही. थंडीत मुंबई-पुण्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते, तेव्हा दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावर बाहेर पडावं. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते बारा या वेळात जास्त येतात, म्हणून वयस्करांनी उठल्या उठल्या धावायला न लागता अंग हळूहळू मोकळं करावं.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, तेही खरं नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर नोंदी ठेवल्या तेव्हा सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दहाला झोपायला मला कुठे नाही आवडणार? पण कामं?" तिचा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं आणि रात्री किती वाजता झोपतं, ते आज पाहा. त्यांच्या वाट्याची भांडी किंवा भाजी निवडणं आज तुम्ही उरकून टाका, आणि त्यांना दहाला झोपू द्या.