पिशवी काढली आहे का, हे आधी विचारा

पाळी गेली की अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते. पण हिंगोलीकडचे पुसेगाव असो की पुणे, त्यावरच्या हार्मोनच्या गोळ्यांचे नाव काढले की उत्तर तयार असते: ‘नको बाई, त्याने छातीचा कॅन्सर होतो.’

या भीतीचे मूळ जुलै 2002 मधले. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतला दोन हार्मोनचा प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला आणि ‘कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो’ ही बातमी जगभर पोचली. त्यामागचा हिशेब मात्र पोचलाच नाही: वर्षाला दर 10,000 बायकांमागे 30 ऐवजी 38 जणींना कॅन्सर. शिवाय त्या बायकांचे सरासरी वय 63 होते. आपल्याकडे पाळी साधारण 46-47व्या वर्षीच जाते, म्हणजे गोळ्यांचा प्रश्न त्याच्या बराच आधी येतो.

धोका खोटा नाही. पन्नाशीला दोन्ही हार्मोन रोज सुरू करून पाच वर्षे घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत सुमारे 50 जणींमागे एकीला जादा कॅन्सर होतो, असा 2019 चा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे.

खरा फरक पडतो तो गर्भपिशवीने. इस्ट्रोजेनला दुसरे हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, जोडतात ते गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी. पिशवीच नसेल तर नुसते इस्ट्रोजेन पुरते, आणि त्याच अमेरिकी चाचणीत अशा बायकांना स्तनाचा कॅन्सर उलट कमी झाला. लॅन्सेटच्या हिशेबात मात्र त्यांचा धोका किंचित वाढतो, 200 जणींमागे एक.

मराठवाड्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर तिशी-पस्तिशीतच हाडे झिजू लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. दुसरी अडचण नसेल, तर अशा बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देणेच योग्य मानतात. नेमकी तीच घाबरून गोळी टाळते, हे दुर्दैव.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात रक्ताची गाठ झालेली, यकृताचा गंभीर आजार, कारण न कळलेला रक्तस्राव: अशांना मात्र हे उपचार नकोतच. योनीत लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमला ही कॅन्सरची भीती सरसकट लावू नये.

डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. अंडाशये ठेवली की काढली, हे सहसा त्यावर लिहिलेले असते.