बीटेक झालंय, पण ओढ जागतिक राजकारणाची?

परवा एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, दिवसभर कोड लिहितो आणि रात्री युद्धांच्या, करारांच्या बातम्या वाचत बसतो. या विषयात पीएचडी केली तर बीटेक वाया जाईल का?" खरं सांगू, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून आजचा भाग यावरच.

आधी एक किस्सा. ऑगस्ट 2016. संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एसएमएस आला: तुरुंगातल्या छळाची गुपितं हवी असतील तर ही लिंक उघडा. त्यांनी ती उघडली नाही. कॅनडात, टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला पाठवून दिली. लॅबने लुकआउट कंपनीबरोबर तपासलं, तर मागे निघालं पेगॅसस. आयओएसमधल्या तीन अज्ञात त्रुटी वापरणारं स्पायवेअर! मग ॲपलने 9.3.5 हे अपडेट काढलं.

आता गंमत बघा. 2001 मध्ये ही लॅब सुरू करणारे रोनाल्ड डीबर्ट राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत. सर्व्हर कुठला, कोड काय करतो, हे इंजिनिअर शोधतो. हे हत्यार विकत कोण घेतं आणि कुठला कायदा ते विकू देतो, हे राज्यशास्त्रवाला शोधतो. दोघं एकाच टेबलावर बसतात.

आणि नाही बसले तर? त्याचंही उदाहरण आहे. वासेनार व्यवस्था. शस्त्रं आणि लष्करी-नागरी अशा दोन्ही कामांना चालणारं तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवायला 1996 मध्ये काही देश एकत्र आले. 2013 मध्ये त्यांनी यादीत घुसखोरी करणाऱ्या सॉफ्टवेअरशी संबंधित गोष्टी टाकल्या. हेतू चांगला होता, दडपशाही करणाऱ्या सरकारांच्या हाती स्पायवेअर पडू नये. पण शब्द इतके सैल, की 2015 मध्ये अमेरिकेने त्यावरून नियमांचा मसुदा काढला तेव्हा सिक्युरिटी रिसर्चर्स खवळले. परदेशातल्या कंपनीला तिचाच बग कळवायचा, तर त्यालाही निर्यात परवाना लागणार की काय? मसुदा बारगळला. त्रुटी कळवणं आणि सायबर हल्ल्याला प्रतिसाद देणं याला स्पष्ट सूट मिळाली थेट 2017 मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत या गटाचा 42 वा सदस्य झाला. म्हणजे ही यादी आता आपल्याही घरची.

तर मुद्दा हा. कोड आणि करार दोन्ही वाचू शकणारी माणसं कमी आहेत. या करिअरमध्ये तुमचं बीटेक वाया जात नाही, तेच तुमचं भांडवल असतं.

जायचं कुठे? पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल आहे. बेंगळुरूत नियास ही संस्था आहे. लंडनमध्ये किंग्ज कॉलेजचा वॉर स्टडीज विभाग आहे. 2024 पासून चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे), तर पीएचडीसाठी नेट देता येते, तीही पदवीपेक्षा वेगळ्या विषयात.

आता कडू भाग. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. ती न मिळाल्यास पैशाचं गणित आणखी अवघड. पीएचडीला पाचेक वर्षं सहज जातात, पुढे कायम नोकरीची हमी नाही. तोवर मित्रांचे पॅकेज कुठल्या कुठे गेलेले असतात. घरी हे स्पष्ट बोला, लपवू नका. आणि एक सवय मोडावी लागते. इथे टेस्ट पास झाली, विषय संपला, असं होत नाही. दोन बरोबर उत्तरं समोरासमोर उभी राहतात आणि आपली बाजू लिहून पटवावी लागते.

म्हणून राजीनामा टाइप करायच्या आधी एक काम करा. वासेनारची यादी नेटवर फुकट मिळते. त्यातला चौथा विभाग, कॉम्प्युटर्स, उघडा. तुमच्या कंपनीतलं एखादं टूल त्यात बसतं का बघा आणि का बसतं किंवा बसत नाही, हे घरच्यांना कळेल अशा मराठीत दोन पानं लिहा. लिहिताना वेळेचं भान राहिलं नाही, तर समजा ओढ खरी आहे. दुसऱ्याच परिच्छेदात जांभई आली, तर बातम्या वाचण्याचा छंद आहे, आणि छंद असायला काहीच हरकत नाही.

लिहिलंत तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!